फोनवर नेट पळतंय, कॉम्प्युटरवर रखडतंय: तपासायला कुठून लागायचं?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत लाईट जाऊन आली की तासाभरात माझा फोन वाजतो. "ताई, नेट स्लो झालंय, जरा बघता का?" मी ऐरोलीला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काम करते, आठवड्यातले दोन दिवस घरून. त्यामुळे सोसायटीने मला परस्पर वाय-फायची वैद्य नेमलंय. हा एकच बिघाड इतक्या घरांत दुरुस्त केलाय, की आता दारात चपला काढता काढताच पहिला प्रश्न विचारते: फोनवरही स्लो आहे, की फक्त कॉम्प्युटरवर?

बहुतेकांनी हे पाहिलेलंच नसतं. कस्टमर केअरला मात्र फोन करून झालेला असतो. मग दुसऱ्या दिवशी माणूस येतो, स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावतो, शंभरच्या प्लॅनला ९६ दाखवतो आणि जातो. तो फसवत नसतो, लाइन खरंच ठीक असते. बिघाड असतो डबा, म्हणजे तुमचा राउटर, आणि तुमचं टेबल यांच्यामधल्या वीस फुटांत.

नेट तुमच्यापर्यंत चार टप्प्यांतून येतं: बाहेरची फायबर लाइन, घरातला डबा, मधली हवा आणि तुमचा कॉम्प्युटर. नेमका कोणता टप्पा अडलाय ते ठरवायचं, एवढंच काम आहे. खालचा क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो, म्हणून उड्या मारू नका.

लक्षणं

नुसतं "स्लो" म्हणून काही कळत नाही. यातलं तुमचं कोणतं ते बघा.

- फोनवर ठीक, त्याच खोलीत कॉम्प्युटरवर दहा-पंधरा एमबीपीएस. वाय-फायच्या चिन्हात सगळ्या कमानी भरलेल्या. काल-परवा लाईट गेली होती किंवा राउटर बंद-चालू केला होता. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वात जास्त हीच.
- हॉलमध्ये पळतं, आतल्या बेडरूममध्ये रखडतं.
- दिवसभर बरं, रात्री नऊनंतर रडतं.
- यूट्यूब चालतं, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो.
- घरातल्या सगळ्या उपकरणांवर स्पीड एकाच आकड्याला चिकटलेला. २ म्हणजे २, किंवा २०० चा प्लॅन असून ९४.
- ऑफिसचं व्हीपीएन लावलं की स्लो, काढलं की ठीक.
- डब्यावर लाल दिवा.

शेवटची दोन आधीच निकालात काढू. व्हीपीएन लावल्यावरच स्लो होत असेल तर तुमचा सगळा डेटा ऑफिसच्या सर्व्हरला वळसा घालून येतोय. घरच्या राउटरशी त्याचा संबंध नाही, ऑफिसच्या आयटीला कळवा. आणि लाल दिवा असेल तर थेट "लाइन तपासा" या भागावर जा.

आधी मोजा, आणि कागदावर लिहा

डब्यापासून पाच-सहा फुटांवर बसा. बाकी सगळं बंद करून कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट करा, लगेच त्याच जागी फोनवर करा. फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर वाय-फायच्या नावाखाली फाइव्ह-जीचा आकडा मिरवाल. हे एकदा नव्हे तर अनेकदा पाहिलंय. नंतर हीच टेस्ट तुम्ही नेहमी बसता त्या जागी करा. चार आकडे, चार ओळी.

हे का, तर पुढे दहा गोष्टी बदलल्यावर नेमकी कशाने सुधारणा झाली ते आठवत नाही. शिवाय मनाला "आता जरा बरं वाटतंय" असं वाटत राहतं, तसं झालेलं नसलं तरी.

आकड्यांचा एक घोळ इथेच सोडवून टाकू. प्लॅन एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिट्समध्ये असतो. फाइल उतरवताना ब्राउझर मेगाबाइट्स दाखवतो. आठ बिट्सचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या प्लॅनला फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइट्सने उतरली तर तो पुरेपूर स्पीड आहे. आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकांनी यावरून महिनाभर कंपनीशी भांडण केलं होतं.

डब्याजवळ फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही स्लो असतील तर लाइन किंवा डबा. फोन ठीक आणि कॉम्प्युटर स्लो असेल तर बँड (वाय-फायची वाट, पुढे सांगते) किंवा कॉम्प्युटर. डब्याजवळ दोन्ही ठीक आणि जागेवर दोन्ही स्लो असतील तर हवा आणि भिंती.

कोणी गुपचूप नेट खातंय का?

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात "नेटवर्क" या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वात जास्त खाणारा वर येतो. विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, एखादा गेम अपडेट होतोय, असं काहीतरी निघतं. विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. तिच्यात इतर कॉम्प्युटरना अपडेट पुरवण्याची परवानगी चालू असेल तर बंद करा.

पण खरा चोर पुष्कळदा अपलोड असतो, आणि तिकडे कोणी बघत नाही. मागे एकीकडे भाचीचं लग्न उरकून सगळे परतले. चार फोनांनी हॉलमध्ये पाय टाकताक्षणी लग्नाचे व्हिडिओ गुगल फोटोजवर चढवायला सुरुवात केली. डाउनलोड मोजलं तर शंभरावरून सातावर. डाउनलोड का पडावं? कारण कॉम्प्युटरला मिळालेल्या डेटाची पोच परत पाठवावी लागते, आणि ती पोच अपलोडच्याच वाटेने जाते. वाट व्हिडिओंनी तुंबली की पोच अडकते, आणि पोच नाही म्हटल्यावर समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. मीटिंगमधला तुटका आवाजही यातूनच येतो. फोनांचा बॅकअप थांबवून पुन्हा मोजा.

जाता जाता राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादीही बघा. मुलांच्या मित्रांना, ट्यूशनच्या सरांना, खालच्या बिऱ्हाडाला, असा पासवर्ड किती जणांना वाटलाय याचा हिशेब कोणाकडेच नसतो. यादी ओळखीची वाटली नाही तर पासवर्ड बदला.

बंद-चालू, पण नीट

राउटर बटणावर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. महिनोन्‌महिने चालू असलेल्या डब्याची मेमरी भरते, काही डबे तापून मंदावतात. मागचा हवा खेळणारा भाग दसऱ्यापासून पुसला नसेल तर तोही पुसून घ्या.

कॉम्प्युटर मात्र "शट डाउन" करू नका, "रीस्टार्ट" करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पुसला जात नाही, झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अडकला असेल तर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी रोज रात्री बंद करतो की" म्हणणाऱ्यांचा कॉम्प्युटर पंधरा-पंधरा दिवस खऱ्या अर्थाने बंदच झालेला नसतो.

यानेच ठीक झालं तर छान. पण दर चार दिवसांनी हेच करावं लागत असेल तर तो उपाय नाही, पुढे वाचा.

बँड: दहातली सहा-सात घरं इथेच सुटतात

तुमचा राउटर दोन वाटांनी बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची वाट लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण अरुंद आहे आणि तिच्यावर सगळ्या इमारतीची गर्दी. ५ गिगाहर्ट्‌झची वाट रुंद आणि मोकळी, पण भिंतीपुढे दमते. हल्लीचे बरेच डबे दोन्ही वाटांना एकच नाव देतात आणि कोणी कुठून यायचं ते उपकरणावर सोडतात.

आता लाईट जाते तेव्हा काय होतं ते बघा. राउटर विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो. लाईट येते, डबा जागा होतो, २.४ ची वाट आधी उघडते. ५ ला उशीर लागतो. त्यातही डबा ५२ ते १४४ या दरम्यानच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे वाटेतली एकेक लेन) असेल तर ती जागा रडारबरोबर वाटून घ्यायची असते. तिथे रडार नाही ना, याचा कानोसा त्याला बोलायच्या आधी किमान ६० सेकंद घ्यावा लागतो. तेवढ्यात लॅपटॉपने २.४ पकडलेली असते. सिग्नल भक्कम, कमानी भरलेल्या, त्यामुळे तिथून उठायचं त्याला काही कारण दिसत नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर तर हलतही नाही, तो दिवसचे दिवस तिथेच बसून राहतो. फोन तुमच्याबरोबर भाजी आणायला बाहेर जातो, परत येतो, नव्याने वाट निवडतो आणि ५ वर चढतो. म्हणून फोनवर पळतं आणि कॉम्प्युटरवर रखडतं. माणूस येऊन ९६ दाखवून जातो तेही म्हणूनच.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत हे जास्त गोंधळात टाकतं. पंखा-दिवे चालूच असतात, लाईट गेल्याचं कळतही नाही. पण राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो.

हे बघायचं असं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नावाच्या प्रॉपर्टीज. खाली सरकलात की "नेटवर्क बँड" आणि "लिंक स्पीड" दिसेल. मॅकवर ऑप्शन हे बटण दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. तिथे चॅनेल आणि टीएक्स रेट, म्हणजे लिंक स्पीडच, दिसतो.

लिंक स्पीड म्हणजे कॉम्प्युटर आणि डबा यांच्यातली कबुली, इंटरनेटचा स्पीड नव्हे. हातात त्याच्या निम्मा आला तरी चांगला म्हणायचा. दोन अँटेना असलेला साधा लॅपटॉप ५ वर ८६६ दाखवतो, २.४ वर साधारण १४४ किंवा त्याहून कमी. बँडसमोर २.४ आणि लिंक ७२ किंवा ३९ असं दिसलं तर चोर सापडला. नेमका ५४ दिसला तर राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी पद्धत आहे का पाहा. तिच्यावर वाय-फाय ५४ च्या वर जातच नाही. डब्ल्यूपीए-२ एईएस किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा.

तात्पुरता उपाय अगदी सोपा: कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा, दहा सेकंदांनी चालू करा. बहुतेक वेळा ५ वर चढतं. कायमचा करायचा तर राउटरच्या पानावर (डब्यावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं) दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, कॉम्प्युटरला ५ चं नाव जोडा आणि २.४ चं "फर्गेट" करा. नावं वेगळी करायची नसतील तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (स्टार्ट बटणावर राइट-क्लिक केलं की यादीत दिसतो) वाय-फाय अडॅप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर "प्रिफर्ड बँड" असतो, तिथे ५ गिगाहर्ट्‌झ निवडा. हा पर्याय सगळ्या अडॅप्टरमध्ये नसतो. राउटरचा ५ चा चॅनेल ३६ ते ४८ मधला ठेवलात तर ती साठ सेकंदांची वाट बघणंही टळतं.

फोन ५ चं नाव दाखवतो पण कॉम्प्युटरच्या यादीत ते येतच नाही, असं असेल तर कॉम्प्युटरचं वाय-फाय कार्ड बहुधा फक्त २.४ चं आहे. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये असं असतं. तिथे यूएसबीत खोचायचा ड्युअल बँड अडॅप्टर हाच उपाय, सेटिंगशी झटापट करून काही होणार नाही.

भिंती, फ्रिज आणि शेजारी

नौपाड्यातल्या मावशीच्या जुन्या विटांच्या इमारतीत हॉलमधला राउटर स्वयंपाकघरापर्यंत बिनतक्रार पोचतो. आमच्या टॉवरमध्ये दोनच खोल्या ओलांडल्या की ५ चा जीव जातो. कारण कोलशेत, वाघबीळ, कासारवडवली या पट्ट्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओततात. बिल्डरची माणसं त्याला मायव्हन म्हणतात. सळ्या आणि काँक्रीट, म्हणजे वाय-फायला पिंजराच. खिळा ठोकायला गेलात आणि खिळाच वाकला, तर तुमची भिंत तसली आहे असं समजा.

अशा घरात डबा कुठे आहे यावर सगळं अवलंबून. केबलवाला तो दारामागे, इलेक्ट्रिकच्या डीबीशेजारी (मेन स्विचच्या खोक्याशेजारी) लावून जातो, कारण डक्ट तिथून जवळ. नाहीतर आपण तो टीव्ही युनिटच्या आत लपवतो, कारण दिसायला बरा नाही. मग त्याच्यासमोर टीव्हीचा पत्रा, बाजूला फिश टँक, पलीकडे आरशाचं कपाट. पाणी, धातू आणि आरसा तिघेही सिग्नल अडवतात. डबा उघड्यावर, छातीच्या उंचीला, घराच्या मध्याकडे आणा. दोन-तीन फूट सरकवल्याने लिंक स्पीड दुप्पट झालेला मी पाहिलाय. तो जागचा हलू शकत नसेल तर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट तिथून नव्याने वाय-फायवर देणारा म्हणून, लावा. भिंतीत खोचायचे स्वस्त रिपीटर मला आवडत नाहीत. एकाच वाटेवर ऐकायचं आणि तिथेच पुन्हा बोलायचं, त्यामुळे त्यांचा स्पीड निम्म्यावर येतो.

२.४ वर राहणं भागच असेल तर गर्दी बघा. आमच्या बाराव्या मजल्यावर माझ्या लॅपटॉपला तीसेक नावं दिसतात. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वाय-फाय अ‍ॅनलायझरचं अ‍ॅप फोनवर टाकून कुठे गर्दी कमी ते बघा, तो चॅनेल ठेवा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ३ किंवा ८ निवडून शहाणपणा करू नका, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा मार खाल. मायक्रोवेव्हही २.४ च्याच पट्ट्यात चालतो. रात्री जेवण गरम करताना तीन मिनिटं मीटिंग तुटत असेल तर ते तुमचं उत्तर.

आणि एक गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क, हब आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. एका मुलीचा प्रोजेक्ट अपलोड होत नव्हता. बॅकअपची डिस्क वाय-फायच्या छोट्या अडॅप्टरला अगदी चिकटून लावली होती. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावली आणि काम झालं. खर्च शून्य. मी मात्र त्याआधी अर्धा तास राउटरशी खेळत होते.

एकदा तार लावून बघा

इथपर्यंत हाती काही लागलं नसेल तर लॅन केबलने कॉम्प्युटर थेट डब्याला जोडा, वाय-फाय बंद करा आणि मोजा. लॅपटॉपला लॅनचं तोंड नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर हजाराच्या आत मिळतो. ज्या घरातून वर्क फ्रॉम होम चालतं तिथे तो असायलाच हवा असं माझं मत आहे.

तारेवर पूर्ण स्पीड आला तर लाइन आणि डबा निर्दोष. तारेवरही रखडलं तर दुसरा कॉम्प्युटर त्याच तारेला लावा. तोही रखडला तर पुढची कटकट कंपनीची. रात्री नऊनंतरच्या दुखण्याचा निकालही असाच लागतो. साडेनऊला तारेवर मोजा. तारेवर ठीक असेल तर शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी, तारेवरही पडत असेल तर कंपनीच्या जाळ्यात गर्दी. दुसरी गोष्ट तुम्ही घरात बसून सुधारू शकत नाही.

तारेवर ९४-९५ ला अडकलं तर केबल किंवा पोर्ट १०० वर बोलतंय. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात, एक तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. केबल बदला. जुन्या डब्यांत पोर्टच १०० चे असतात, त्यावर ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे वाया.

कॉम्प्युटरच्या पोटात

तारेवर ठीक, ५ वर जोडलेला, डब्याजवळ बसलेला, तरी वाय-फायवर स्लो. आता कॉम्प्युटरवर संशय घ्यायचा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टर, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा देणारी खूण काढा. बिघाड विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर ड्रायव्हर टॅबवरचं "रोल बॅक ड्रायव्हर" वापरा. ते करडं दिसत असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी भलतीच सॉफ्टवेअर टाकू नका, ती साफ करायला मलाच यावं लागतं. अँटिव्हायरसची वेब तपासणी, ब्राउझरमधलं फुकटचं व्हीपीएन, जुनी प्रॉक्सी, यातलं एकेक काढून मोजा. फक्त एकाच ब्राउझरमध्ये स्लो असेल तर वाय-फायचा पिच्छा सोडा.

शेवटचा उपाय नेटवर्क रीसेट. त्याने सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर विचारल्याशिवाय करू नका. हे मी हेल्पडेस्कवरून बोलतेय.

लाइन तपासा, हात न घालता

आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये डेटा किती वापरला ते बघा. "अमर्याद" लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनमध्येही महिन्याची मर्यादा असते, ३३०० जीबीची सर्रास दिसते, लहान प्लॅनची कमी. ती ओलांडली की स्पीड एका ठरावीक आकड्यावर बसतो. सगळ्या उपकरणांवर २ म्हणजे २ दिसत असेल तर आधी हेच. आठ कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्ड करणाऱ्या घरात हे महिनाअखेरीला व्हायचं.

मग डब्याचे दिवे. पॉन (पीओएन) लिहिलेला, फायबरची जोडणी दाखवणारा दिवा हिरवा स्थिर हवा. लॉस (एलओएस) लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधला प्रकाश पोचतच नाहीये. पण दिवे ठीक असूनही लाइन आजारी असू शकते. डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर ती वाचा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली की चुका वाढतात, डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो.

मागच्या गणपतीत एका घरी मखरासाठी टीव्ही युनिट पुढे ओढलं आणि विसर्जनानंतर परत भिंतीला सारलं. चार दिवसांनी नेट कधी ९० तर कधी ६. पॉवर उणे २८. मी युनिटमागे बॅटरी मारली तर ती बारीक पिवळी दोरी, तिला पॅच कॉर्ड म्हणतात, युनिटचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये काटकोनात दुमडलेली. आतली काच तुटली नव्हती, पण वळणावर प्रकाश बाहेर गळत होता. युनिट हलकेच पुढे घेतलं, दोरीला चहाच्या बशीएवढं गोल वळण दिलं, उणे २१. घरातल्या आजींनी विचारलं, "एवढंच?" एवढंच.

पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरतं, एरवी रस्ता खोदताना केबल तुटते. मेट्रोच्या खोदकामात घोडबंदरकरांनी ते पुरेसं भोगलंय. शेजारच्या दोन घरांत त्याच कंपनीचं नेट विचारा. तिघांचंही पडलं असेल तर घरात काही शोधू नका.

डबा दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा अडॅप्टर थकला असू शकतो. त्यावर लिहिलेला व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवूनच बदला, बहुतेक १२ व्होल्टचा असतो. किंवा कंपनीकडे मागा, डबा त्यांचाच असतो.

इथे थांबा

फायबरचं हिरवं टोक काढून आत डोकावू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धोका जास्त. तुटलेली फायबर चिकटपट्टीने जुळत नाही, तिला जोडायला स्प्लाइसिंगचं मशीन लागतं. डक्टमध्ये, गच्चीच्या कठड्यावर, पावसात, कोणीही जाऊ नये, सोसायटीच्या वॉचमनलाही पाठवू नका.

डब्यामागच्या टाचणीच्या भोकात टाचणी खुपसू नका. त्याने कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जाऊ शकते आणि चालू असलेलं नेटही जातं. काकांनी रविवारी खुपसली, मंगळवारी माणूस आला.

विजा कडाडल्यावर लॅनचं पोर्ट मेलं, डब्याला जळका वास आला, तर प्लग काढा आणि कंपनीला कळवा. लॅपटॉप पडल्यानंतर किंवा बिजागरी तुटल्यानंतर वाय-फाय फक्त त्यावरच कमकुवत झालं असेल, तर झाकणातली अँटेनाची तार निसटली असू शकते. ते काम सर्व्हिस सेंटरचं, युट्यूब बघून उघडू नका.

तक्रार करताना "स्लो आहे" एवढंच सांगू नका. "लॅन केबलने, दोन कॉम्प्युटरवर, रात्री साडेनऊला, शंभरच्या प्लॅनला १२ येतोय, आरएक्स पॉवर उणे २८" असं सांगा. पलीकडचा बंद-चालू करायला सांगणं लगेच थांबवतो. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे तो देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे तोच नंबर घेऊन जाता येतं.

आणि माणूस येणार त्या वेळेला लॅपटॉप केबल लावून टेबलावर उघडा ठेवा, आकड्यांचा कागद शेजारी. नाहीतर तो पुन्हा स्वतःच्या फोनवर ९६ दाखवून जाईल.